वासाची आठवण कुठे बसते : प्रकल्प नोंदी

२ जून

कामाची हद्द आधीच आखून ठेवलेली बरी. फळमाशीच्या मेंदूत वासाची आठवण तयार करणारा जो भाग आहे, तो संगणकावर उभा करायचा. जिवंत माश्या नाहीत, इलेक्ट्रोड नाहीत, सूक्ष्मदर्शक नाही. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, नमपाय हे तिच्यातले आकडेमोडीचे साधन आणि छापून आलेली मोजमापे एवढ्यावर सगळा कारभार. प्रश्न एकच धरला आहे: शिकण्याआधी आणि शिकल्यानंतर या जाळ्यात नक्की काय बदलते? आणि जे बदलत नाही, ते कशासाठी असते?

मधमाशीचा मोह जास्त होता. तिच्यावरचे प्रयोग जुने, देखणे आणि ढिगाने आहेत. पण तिच्या मेंदूत दहा लाखांच्या जरा खाली चेतापेशी भरतात. फळमाशीच्या मेंदूत साधारण १ लाख ४० हजार. शिवाय २०२४ मध्ये फ्लायवायर प्रकल्पाने एका मादी फळमाशीच्या अख्ख्या मेंदूचा जोडणी-नकाशाच प्रसिद्ध केला: १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींच्या वर सिनॅप्स, म्हणजे पेशींमधले जोड. कुठली पेशी कुठे जोडली आहे यावर तर्क लढवत बसायची गरज त्यामुळे बरीच कमी झाली. मधमाशीला पुढे एखाद्या चाचणीपुरते बोलावू.

३ जून

सुटे भाग मांडून घेतले.

हवेतले रेणू माशीच्या शृंगिकांवरच्या बारीक केसांमधून आत शिरतात आणि ग्राही पेशींवरच्या रिसेप्टरला चिकटतात. एका ग्राही पेशीवर वास ओळखणारा बहुधा एकाच जातीचा रिसेप्टर असतो. एका जातीच्या पेशी शृंगिकेवर कितीही विखुरलेल्या असोत, त्यांच्या तारा मेंदूत जाऊन एकाच गोळ्यात मिळतात. हा ग्लोमेरुलस. फळमाशीत असे सुमारे ५० आहेत. म्हणजे मेंदूच्या दाराशी वास पोचतो तो ५० आकड्यांचा संच होऊन, आणि मॉडेलमध्येही तो तसाच घेतला: ५० घरांचा व्हेक्टर.

तिथून निरोप पुढे नेणाऱ्या सुमारे १५० प्रक्षेपक पेशी निघतात आणि दोन वाटा फुटतात. एक वाट मेंदूतल्या लॅटरल हॉर्न या भागाकडे जाते. तिची जोडणी माशीगणिक जवळपास तीच असते आणि तिच्यावर उपजत वागणूक चालते. जिओस्मिनचे उदाहरण यात सर्वात स्वच्छ आहे. बुरशी आणि काही जिवाणू हा रेणू सोडतात. त्याच्यासाठी माशीकडे एकच रिसेप्टर आणि एकच स्वतंत्र वाहिनी आहे, आणि ती जागी झाली की माशी तिथे खात नाही की अंडी घालत नाही. कोणी शिकवावे लागत नाही. दुसरी वाट मश्रूम बॉडीकडे जाते, म्हणजे वासाची आठवण तयार करणाऱ्या भागाकडे. आपले काम तिथे.

मश्रूम बॉडी १८५० मध्ये फेलिक्स द्युजार्दाँ यांनी कीटकांच्या मेंदूत पाहिल्या आणि त्यांचा संबंध थेट बुद्धीशी लावला. त्या काळच्या साधनांनी केलेला तर्क म्हणून हे धाडसच होते. तिच्यातल्या पेशींना नाव मिळाले ते १८९६ मध्ये मधमाशीच्या मेंदूवर लिहिणाऱ्या फ्रेडरिक केनियन यांचे. फळमाशीत मेंदूच्या प्रत्येक बाजूला सुमारे २,००० केनियन पेशी असतात आणि त्यांचे म्हणणे ऐकणाऱ्या निर्गम पेशी फक्त ३४, त्याही २१ प्रकारांच्या.

पन्नासाचे दोन हजार आणि दोन हजारांचे चौतीस. आधी एवढे पसरायचे आणि लगेच एवढे आवळायचे, हे का, याचे उत्तर मॉडेलकडून हवे आहे.

६ जून

जोडणी. एका केनियन पेशीला सरासरी सातेक पंजे असतात आणि प्रत्येक पंजा एका प्रक्षेपक पेशीचे टोक पकडून बसतो. कोणता पंजा कोणाला पकडतो? २०१३ मध्ये रिचर्ड ॲक्सेल यांच्या प्रयोगशाळेने दोनशे केनियन पेशींचे धागे मागे काढत नेले आणि त्यात काही शिस्त सापडते का ते पाहिले. सापडली नाही. एका पंजाने काय धरले आहे यावरून त्याच पेशीच्या बाकीच्या पंजांबद्दल काहीही सांगता येत नव्हते. पुढे तपशीलवार नकाशे आल्यावर थोडा कल दिसला, खाद्याच्या वासांच्या तारा काही पेशींवर जरा जास्त जमतात वगैरे. पण मूळ चित्र सोडतीचेच राहिले.

कोडमध्ये ही सर्वात सोपी पायरी. २,००० ओळी, ५० रकाने, प्रत्येक ओळीत सात ठिकाणी १ आणि बाकी ०. एक लाख घरांपैकी १४,००० भरलेली. पन्नासातून सात निवडायच्या रीती ९,९८,८४,४०० होतात. माशी त्यातल्या फक्त दोन हजार उचलते आणि जन्मभर त्यांवरच चालवते.

हा मॅट्रिक्स एकदा बनला की गोठवायचा. शिकताना त्याला हात लावायचा नाही. ही अट माशीला धरूनच आहे, कारण शिकण्याचा मुख्य बदल इथे नसून पुढच्या थरात सापडतो.

९ जून

आज खरा मजेचा भाग झाला.

वास आत सोडला. वासांचे व्हेक्टर घातांकी वितरणातून काढले, म्हणजे थोडे ग्लोमेरुलस जोरात आणि बरेचसे मंद. खऱ्या मोजमापांचा घाट असाच असतो. प्रत्येक केनियन पेशीने आपल्या सात पंजांची बेरीज केली. उंबरठा सैल ठेवला तर निम्म्या पेशी पेटतात. खऱ्या माशीत मात्र एका वासाला पाच ते दहा टक्केच पेटतात. बाकीच्यांना गप्प बसवणारी पेशी मेंदूच्या प्रत्येक बाजूला एकच आहे. तिचे नाव एपीएल. ती सगळ्या केनियन पेशींचे ऐकते आणि उलट सगळ्यांवर दाब टाकते. जितका गलका जास्त, तितका दाब जास्त. टोळातही अशीच एक थोराड दाबपेशी आहे. मॉडेलमध्ये तिची बदली सरळ नियमाने केली: बेरजेने सर्वात वरच्या १०० पेशी पेटलेल्या, बाकी १,९०० शून्य.

याने काय साधते ते आकड्यांत पाहावे. दोन असंबद्ध वास घ्या. प्रत्येकी १,००० पेशी पेटत असतील तर नुसत्या योगायोगाने ५०० सामायिक निघतील. एका वासाबद्दल काही शिकले की दुसऱ्यालाही निम्मा मार बसलाच. प्रत्येकी १०० पेटत असतील तर सामायिक अपेक्षित ५. पेशी दसपट कमी आणि घोटाळा निम्म्यावरून पाच टक्क्यांवर! दोन हजारांपर्यंत पसरण्याचा खर्च इथे वसूल होतो. पन्नासच पेशी असत्या तर त्यातल्या पाच टक्के म्हणजे दोन-तीन, आणि त्यांत कोणाकोणाची ओळख ठेवणार?

एपीएल काढून टाकल्यावर माशीचे काय होते हे ऑक्सफर्डमध्ये गेरो मीझनबोक यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले. एकमेकांपासून लांबचे वास माश्या तेव्हाही वेगळे ओळखत होत्या. एकमेकांना लागून असलेल्या वासांत त्यांची गफलत होऊ लागली. मॉडेलमध्ये दाब सैल केला की हेच होते, आणि वेगळे काही जुळवून घ्यावे लागत नाही.

उलट बाजूही तपासली. व्हेक्टर थोडासाच बदलला तर पेटणाऱ्या शंभरांतला मोठा वाटा तोच राहतो. सारखे वास सारख्या खुणा, वेगळे वास वेगळ्या खुणा. संगणकशास्त्रात मोठ्या साठ्यातून मिळत्याजुळत्या गोष्टी शोधण्याच्या पद्धतींशी याचे नाते संजय दासगुप्ता, चार्ल्स स्टीव्हन्स आणि साकेत नवलाखा यांनी २०१७ मध्ये उलगडून दाखवले. त्यांचे काम वाचूनच या प्रकल्पाची खाज सुटली, हे इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

१० जून

छोटी नोंद. वास तोच, तीव्रता दुप्पट: व्हेक्टरला २ ने गुणले. पेटलेल्या पेशी जशाच्या तशा. साहजिक आहे, निवड क्रमाने होते, आकड्याने नाही. खरी माशी इतकी सुखात नसते. वास दाट झाला की काही ग्राही पेशी कमाल मर्यादेला टेकतात आणि पूर्वी गप्प असलेले रिसेप्टरही बोलू लागतात. मेंदूच्या दाराशीच स्थानिक पेशी एकमेकींना दाबून एकूण जोर आवरतात, पण वासाचा आकार थोडा बदलतोच. मॉडेलमध्ये कमाल मर्यादा घातली, विषय संपवला.

१५ जून

शिकण्याचा नियम. सकाळपासून याच्याशीच झटापट.

मनात बसलेले चित्र असे की शिकणे म्हणजे जोड घट्ट होणे. वास आणि इजा एकत्र आल्या, त्यांच्यात नवी वाट पडली, पुढच्या वेळी वास आला की इजा आठवली. मश्रूम बॉडी याच्या बरोबर उलटे करते. केनियन पेशींच्या तारा पंधरा कप्प्यांतून जातात. प्रत्येक कप्प्यात ठरावीक निर्गम पेशी ऐकायला बसलेल्या असतात आणि डोपामिन हे निरोप देणारे रसायन सोडणाऱ्या ठरावीक पेशी शिकवायला. काही निर्गम पेशी माशीला वासाकडे ढकलतात, काही वासापासून दूर. न शिकलेल्या माशीत दोन्ही बाजूंचे जोड शाबूत असतात आणि ढकलाढकल जवळपास बरोबरीत सुटते. आता एका वासाबरोबर विजेचा झटका बसला. शिक्षेच्या डोपामिन पेशी जाग्या झाल्या. आणि त्या कप्प्यात, त्या क्षणी पेटलेल्या केनियन पेशींचे ‘जवळ जा’ म्हणणाऱ्या निर्गम पेशीवरचे जोड दुबळे झाले. बस. ‘दूर जा’ म्हणणारी बाजू होती तशीच राहिली. समोरचा पैलवान थकला म्हणून ती जिंकली.

तोशिहिदे हिगे आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये हे थेट मोजले. वास आणि डोपामिन पेशींची उत्तेजना यांची जोडी लावली, आणि त्या वासाला निर्गम पेशीचा प्रतिसाद घसरला. दुसऱ्या वासाला फारसा नाही.

गोडाचे बक्षीस असेल तर हेच दुसऱ्या बाजूला घडते: वेगळ्या डोपामिन पेशी, वेगळे कप्पे, आणि दुबळे होतात ते ‘दूर जा’ बाजूचे जोड. खडूने पूर्ण भरलेल्या पाटीवर बोटाने पुसून अक्षर काढावे, तशी ही आठवण.

कोडमध्ये दोन निर्गम पेशी, प्रत्येकीकडे २,००० वजने, सुरुवातीला सगळी १. शिक्षा झाली की पेटलेल्या १०० पेशींची ‘जवळ’ बाजूची वजने खाली. पूर्ण शून्य केली तर शिकलेल्या वासाला ‘जवळ’ची बेरीज ०, आणि असंबद्ध वासाला १०० पैकी ९५ च्या आसपास शिल्लक. नियमात वासाचे वर्णन कुठेच नाही. वजनांच्या यादीत नजर फिरवून ‘हा वास कसा होता’ हे कळणारही नाही. त्या वासाचे काय करायचे एवढेच तिथे आहे.

अख्ख्या मॉडेलमध्ये बदलणारी संख्या फक्त ४,०००. बाकी सगळे गोठलेले.

१९ जून

सीड, म्हणजे सोडतीची सुरुवात ठरवणारा आकडा, बदलला की मॅट्रिक्सची सोडत नव्याने निघते, म्हणजे दुसरी माशी. एक खोडकर चाचणी: पहिल्या माशीला एक वास शिकवला, तिची वजने उचलून दुसऱ्या माशीत टाकली. दुसरीला त्या वासाचे काहीही वाटत नाही. तिच्यात त्या वासाला वेगळ्याच शंभर पेशी पेटतात, आणि वजने मात्र पहिलीच्या शंभरांवर घसरलेली.

म्हणजे मश्रूम बॉडीतली आठवण उसनी देता येत नाही आणि वारशाने ठेवताही येत नाही. केनियन पेशी क्रमांक अमुक म्हणजे व्हिनेगर, असा करार पिढ्यान्‌पिढ्या चालू शकत नाही, कारण पुढच्या माशीत त्या क्रमांकाला तोच अर्थ नसतो. उपजत अर्थ हवा असेल त्याने लॅटरल हॉर्नच्या वाटेने जावे. ३ जूनच्या नोंदीतल्या दोन वाटांची वाटणी आता पटली. जोडणी सोडतीने केल्यामुळेच हा भाग कुठल्याही वासाला कुठलाही अर्थ द्यायला मोकळा राहतो. ज्या रेणूशी माशीच्या पूर्वजांची गाठ कधी पडली नाही, त्यालाही शंभर पेशी मिळतातच.

२० जून

चाचणीचा आराखडा. सेमूर बेंझर यांच्या प्रयोगशाळेत विल्यम क्विन आणि विल्यम हॅरिस यांनी १९७४ मध्ये पहिल्यांदा दाखवले की फळमाश्या झटक्याशी जोडलेला वास टाळायला शिकतात. टिम टली आणि क्विन यांनी १९८५ मध्ये त्याला आजचे रूप दिले. माश्यांचा घोळका नळीत, एक मिनिट एक वास आणि त्यासोबत ९० व्होल्टचे बारा झटके, मग दुसरा वास झटक्यांविना. त्यानंतर घोळका इंग्रजी टी अक्षरासारख्या फाट्यावर सोडायचा, एका हाताला एक वास, दुसऱ्या हाताला दुसरा, आणि दोन मिनिटांनी मोजायचे. टाळणाऱ्या उणे न टाळणाऱ्या, भागिले एकूण. ० म्हणजे शिकल्याची खूण नाही, १ म्हणजे सगळ्यांनी टाळला.

एक बारकावा फार आवडला. अर्ध्या घोळक्यांना पहिल्या वासावर झटके द्यायचे, अर्ध्यांना दुसऱ्या वासावर, आणि सरासरी घ्यायची. माश्यांना एखादा वास मुळातच नकोसा असेल तर तो पक्षपात दोन्हीकडून कापला जातो. मॉडेलमध्येही हेच ठेवले. प्रत्येक आभासी माशीला स्वतःचा सीड, आणि निवडीत थोडी यादृच्छिक गडबड.

गडबड घालण्यामागे कारण आहे. १९७४ च्या त्याच कामात असे आढळले की घोळक्यात ‘हुशार’ आणि ‘मठ्ठ’ असे दोन गट नसतात; शिकलेली वागणूक दाखवण्याची शक्यता प्रत्येक माशीची सारखीच असते. म्हणजे गुण ०.८ आला तर दहापैकी एक माशी ढ निघाली असे नव्हे. शिकलेल्या माशीचे पाऊलही कधी चुकीच्या हाताकडे पडते.

२६ जून

डोपामिनचे टायमिंग. आतापर्यंत वास आणि शिक्षा एकाच पायरीत येत होत्या. आता वेळेचा अक्ष घातला.

दोन घटना जुळल्या हे पेशीला कळते कसे, याचा माग म्यूटंट, म्हणजे एखादे जनुक बदललेल्या, माश्यांवरून लागला. १९७६ मध्ये बेंझर यांच्याच गटाने डन्स ही शिकण्यात कच्ची माशी जाहीर केली. तिच्यात सायक्लिक एएमपी हा रेणू मोडणारे विकर बिघडलेले निघाले. रुटाबागा या दुसऱ्या म्यूटंटमध्ये तोच रेणू बनवणारे विकर. (टर्निप, रॅडिश असेही म्यूटंट आहेत, बारसे करणाऱ्यांना कंदमुळांचे भारी वेड.) याच सुमारास मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि व्हेरोनिका रॉड्रिग्ज वास आणि चव यांत दोष असलेले म्यूटंट शोधत होते. शिकणे बिघडले की मुळात हुंगणेच, हे वेगळे करायला असे काम लागतेच.

रुटाबागाचे विकर दोन गोष्टी एकदम आल्या तर जोरात चालते. केनियन पेशी पेटल्याने आत आलेले कॅल्शियम ही एक, आणि डोपामिनच्या रिसेप्टरकडून आलेला निरोप ही दुसरी. वास म्हणजे कॅल्शियम, शिक्षा म्हणजे डोपामिन, आणि दोघांची गाठ या एका विकरात. इतका नेटका जोडबिंदू जीवशास्त्रात क्वचित पाहायला मिळतो.

क्रम उलटला तर? तानिमोतो, हायझेनबर्ग आणि गेर्बर यांनी २००४ मध्ये झटका आधी आणि वास नंतर असा क्रम लावला. माश्या नंतर त्या वासाकडे ओढल्या गेल्या. झटका थांबल्यावर आलेला वास, म्हणजे सुटकेचा वास. पुढे व्हेनेसा रुटा यांच्या गटाने २०१९ मध्ये दाखवले की केनियन पेशींवर डोपामिनचे दोन वेगळे रिसेप्टर आहेत. वास आधी आला तर एकाची साखळी जोड दुबळा करते, डोपामिन आधी आले तर दुसऱ्याची साखळी जोड बळकट करते.

मॉडेलमध्ये प्रत्येक केनियन पेशीला विरत जाणारी खूण दिली, डोपामिनलाही तशीच एक. डोपामिन येताना पेशीची खूण ताजी असेल तर वजन खाली. पेशी पेटताना डोपामिनची खूण ताजी असेल तर वजन वर. दोन ओळींचा कोड, आणि क्रमाची उलटापालट आपोआप उतरते. पण इथे एक अडचण निघाली. सगळी वजने १ पासून सुरू होतात आणि १ हीच कमाल धरली होती, त्यामुळे वर जायला जागाच नव्हती. सुरुवात ०.७ वर आणली.

१ जुलै

मधमाशीची पाळी.

मधमाशीला थंड करून निपचित करतात, बारीक नळीत अडकवतात, डोके तेवढे बाहेर. भानावर आली की शृंगिकेला साखरपाण्याचा थेंब लावायचा. ती सोंड सर्रकन पुढे काढते. ही प्रतिक्षिप्त क्रिया. आता आधी काही सेकंद वास सोडायचा आणि वास चालू असतानाच साखरपाणी द्यायचे. एकदोनदा असे झाले की पुढच्या खेपेला नुसत्या वासावर सोंड बाहेर येते. किमिहिसा ताकेदा यांनी १९६१ मध्ये ही पद्धत मांडली, आणि रँडॉल्फ मेंझेल व सहकाऱ्यांनी तिच्यावर एक अख्खी शाखा उभी केली.

यातला एक प्रयोग आपल्या मॉडेलच्या फार जवळचा आहे. १९९३ मध्ये मार्टिन हामर यांनी मधमाशीच्या मेंदूतली व्हीयूएमएमएक्स१ ही एकच चेतापेशी वास दिल्यानंतर लगेच विजेने उत्तेजित केली. साखर दिलीच नाही. मधमाशी तरीही शिकली. ही पेशी ऑक्टोपामिन हे रसायन सोडते आणि तिच्या फांद्या वासाच्या मार्गावरच्या तिन्ही मोठ्या ठाण्यांत पसरतात. आपल्या कोडमध्ये बक्षीस म्हणजे एक आकडा आहे, हे फार ढोबळ झाले अशी रुखरुख होती. ती गेली.

मग अवघड गणित: वास ‘अ’ला बक्षीस, वास ‘ब’ला बक्षीस, पण दोघांच्या मिश्रणाला नाही. मधमाश्या हे सोडवतात. ५० ग्लोमेरुलसवरून थेट बेरीज वाचणारे यंत्र हे सोडवू शकत नाही. ‘अ’ चांगला आणि ‘ब’ चांगला तर मिश्रण त्याला दुप्पट चांगले वाटणार. केनियन पेशींच्या थरातून काय होते? मिश्रणाला पेटणाऱ्या पेशींत काही ‘अ’च्या, काही ‘ब’च्या आणि काही निव्वळ मिश्रणाच्या, ज्यांचे थोडे पंजे इकडे आणि थोडे तिकडे आहेत. समजा ३५, ३५ आणि ३०. हिशेब सोपा राहावा म्हणून वजने १ वरून थेट ० धरली आणि मिश्रणाला शिक्षा दिली. ‘अ’ आणि ‘ब’च्या बक्षिसाने त्यांच्या पेशींची ‘दूर’ बाजू पुसली जाते, मिश्रणाच्या शिक्षेने त्याच्या शंभरांची ‘जवळ’ बाजू. आता मिश्रणाला ‘जवळ’ ०, ‘दूर’ ३०: नको. ‘अ’ला ‘जवळ’ ६५, ‘दूर’ ०: हवा. प्रश्न सुटला, तोही नुसत्या पुसण्याने. त्या ३० पेशी नसत्या तर मिश्रण शून्यावर अडकले असते.

मधमाशीत केनियन पेशी प्रत्येक बाजूला सुमारे १,७०,००० आहेत, फळमाशीच्या कितीतरी पट. मॉडेलमध्ये थर मोठा केला की निव्वळ मिश्रणाच्या पेशी संख्येने वाढतात आणि गडबडीतही निकाल डळमळत नाही.

५ जुलै

पाटी भरते का? एकामागून एक असंबद्ध वासांना शिक्षा देत गेलो. प्रत्येक वास ५ टक्के पेशी पुसतो, म्हणून ‘न’ वासांनंतर अस्पर्श उरलेल्या पेशींचा वाटा ०.९५ चा ‘न’वा घात. चौदा वासांना तो ०.४९ होतो. चौदा वाईट वास शिकले की निम्मी ‘जवळ’ बाजू गेली, आणि मग नवा, निरुपद्रवी वासही भीतीचा वाटू लागतो. मॉडेल अक्षरशः भित्रे होते.

दोन उपाय. थोडे थोडे पुसणे हा एक, पण मग एका झटक्यात शिकण्याची धार जाते. दुसरा, विसरणे: वजने हळूहळू मूळ पातळीकडे सरकू द्यायची. रोनाल्ड डेव्हिस यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवले की शिकणे झाल्यानंतरही डोपामिन पेशींचा चालू राहणारा झरा आठवण झिजवत असतो. तो बंद केला तर आठवण जास्त टिकते. म्हणजे शिकवणारा रेणू तोच, विसरवणाराही तोच. माझ्या मते या विषयावरच्या लोकप्रिय लेखनात विसरण्याला जेवढी जागा मिळते ती फारच कमी आहे. चार हजार वजनांच्या यंत्राला विसरता आले नाही तर ते पंधरवड्यात निकामी होईल.

८ जुलै

सगळेच विसरले तर मग टिकते काय? इथे पंधरा कप्पे कामी येतात. काही कप्पे एका फटक्यात शिकतात आणि लवकर सोडून देतात. काही हळू शिकतात आणि धरून ठेवतात. मॉडेलमध्ये तीन कप्पे केले, तीन वेग दिले आणि बेरीज घेतली.

टली यांच्या गटाने १९९४ मध्ये माश्यांना दहा पाठ दिले. सलग दिले तर आठवण तीन-चार दिवसांत ओसरते. मध्ये पंधरा-पंधरा मिनिटांची विश्रांती ठेवली तर आठवडाभर टिकते, आणि या टिकाऊ आठवणीला नवी प्रथिने बनवावी लागतात. खर्चाचा मामला आहे. टिकाऊ आठवण बनवलेल्या माश्या अन्नपाण्याविना ठेवल्यावर लवकर मरतात, हे फ्रेडेरिक मेरी आणि टॅडेउश कावेत्स्की यांनी २००५ मध्ये मोजले. उपाशी माशीचा मेंदू तर झटक्याची टिकाऊ आठवण बनवण्याचे बंदच करतो.

विश्रांतीचा परिणाम आपल्या नियमातून येत नाही. तीन वेगांच्या बेरजेत दहा पाठ सलग असोत की विश्रांतीचे, हळू कप्प्याला दोन्ही जवळपास सारखेच. त्यासाठी पेशीच्या आत आणखी एक घड्याळ लागेल. ते या प्रकल्पाच्या हद्दीबाहेर ठेवत आहे. नियमाला ओढूनताणून हा परिणाम चिकटवता येईल, पण त्याने काही कळणार नाही.

१२ जुलै

शिकलेला वास झटक्याविना पुन्हा पुन्हा दिला की भीती ओसरते. पुसलेले परत भरले जाते का? सर्वात सोपा नियम तोच होता आणि तो आधी चालवून पाहिला. भीती ओसरते, आणि ओसरली की कायमची जाते. खऱ्या माशीत तसे होत नाही. काही काळाने ती थोडी परत येते.

२०१८ मध्ये योहानेस फेल्सेनबर्ग, स्कॉट वॉडेल आणि सहकाऱ्यांनी कारण दाखवले. अपेक्षित शिक्षा आली नाही, हीच माशीसाठी चांगली बातमी ठरते. बक्षिसाच्या डोपामिन पेशी जाग्या होतात आणि दुसऱ्या कप्प्यात एक उलट आठवण तयार होते. जुनी भीती आपल्या जागी शाबूत असते. दोन्ही बाजू पुसलेल्या, म्हणून पारडे समान. मॉडेलमध्ये शिक्षेच्या कप्प्याला मंद झीज आणि बक्षिसाच्या कप्प्याला जलद झीज दिली. भीती ओसरली, आणि उलट आठवण आधी झिजल्यावर परत वर आली. वक्र आलेखावर स्वच्छ दिसतो.

याने ५ जुलैचा हिशेब बदलतो. विझवलेली प्रत्येक भीती आता एका बाजूऐवजी दोन्ही बाजूंची जागा खाते. चौदा वासांचा आकडा विझवण्यासकट पुन्हा काढायचा आहे, तीन कप्प्यांवर, झिजेचे दर तेच ठेवून. रन लावला आहे.